रात्र गार झाली की पाणी: हिवाळी सक्युलंटबद्दल अनुभवाचे बोल

नर्सरीत सक्युलंट घेताना एकच सल्ला मिळतो: "ऊन भरपूर, पाणी कमी." कोरफडीला, निवडुंगाला, ॲडेनियमला तो बऱ्यापैकी लागू पडतो. पण त्याच मांडणीवर दोन-अडीच इंची कुंड्यांत लिथॉप्स, कोनोफायटम, हॉवर्थिया, ॲड्रोमिस्कस, टायलेकोडॉन अशी इवलीशी झाडं असतात. त्यांचं वर्ष बाकीच्या बागेच्या उलट चालतं. पावसाळ्यात सगळं फोफावतं तेव्हा ही झोपलेली असतात आणि थंडीत बाग मंदावली की यांना जाग येते. पुण्यातल्या गच्चीवर ही झाडं बरीच वर्षं सांभाळताना जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. बहुतेक मुद्दे एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: रात्र किती गार आहे?

१. आधी त्यांचं गाव पाहा

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम बाजूला नामाक्वालँड नावाचा कोरडा मुलूख आहे. तो आणि त्याच्या आजूबाजूचा मोठा पट्टा मिळून वनस्पतिशास्त्रात सक्युलंट कारू म्हणून ओळखला जातो. शेजारी अटलांटिक महासागर, त्यातून वाहणारा बेंग्वेलाचा थंड प्रवाह आणि किनाऱ्यावरून आत सरकणारं धुकं. पाऊस पडतो तो मुख्यतः मे ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. क्नेर्सव्लाक्टे नावाचं मैदान तर मैलोन्‌मैल पांढऱ्या गारगोट्यांनी झाकलेलं आहे आणि त्या गारगोट्यांमध्ये ही झाडं दडून राहतात. वर्षाचा पाऊस १०० ते २०० मिलिमीटर. एवढा पुण्यात जुलैच्या एका महिन्यात पडून जातो.

तो प्रदेश विषुववृत्ताच्या पलीकडे असल्याने महिने फिरतात. इथे आलेलं झाड हळूहळू इथला हिवाळा आपला मानतं आणि ऑक्टोबर ते मार्च वाढतं. अडचण अशी, की त्याच्या वाढीच्या दिवसांत आपलं आभाळ कोरडं असतं आणि झोपेच्या दिवसांत मुसळधार. त्यामुळे आपलं काम ठरलेलं आहे. चार महिने पाऊस अडवायचा आणि पुढचे सहा महिने तो आपल्या झारीने पाडायचा.

२. पेपरात किमान तापमान वाचा

हवामानाच्या चौकटीत आपण आधी कमाल तापमान बघतो. या झाडांसाठी किमान बघायचं. बहुतेक वनस्पती दिवसा पानांवरची रंध्रं उघडून कर्बवायू घेतात. यातली बरीचशी झाडं ती दिवसा मिटून ठेवतात, त्यामुळे पाणी उडून जात नाही. रात्री गारवा आला की रंध्रं उघडतात, कर्बवायू आम्लाच्या रूपात साठतो आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याचं अन्न तयार होतं. रात्रपाळीच्या कामगारासारखा त्यांचा दिनक्रम आहे.

या गोष्टीचा एक जुना धागा भारतातला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासेत असलेले बेंजामिन हेन यांनी पानफुटीचं पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखलं. सकाळी ते आंबट लागलं आणि दुपारपर्यंत बेचव झालं. त्यांचं हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. आपल्याकडे घरोघरी असलेल्या पानफुटीवरच हे लक्षात आलं, याची मला फार गंमत वाटते.

रात्रच तापलेली असेल तर हे काम अडतं. मग झाड वाढ थांबवतं आणि मुळं पाणी घेईनाशी होतात. अशा वेळी कुंडीत घातलेलं पाणी नुसतं साचून राहतं. ओल, उष्णता आणि झोपलेली मुळं एकत्र आली की बुरशीला आमंत्रणच. ही झाडं पाणी जास्त झाल्याने मेली असं आपण म्हणतो. पण तेवढंच पाणी जानेवारीत दिलं असतं तर ती टुमटुमीत झाली असती.

३. कोजागरीला सुरुवात, पाडव्याला आवरतं

पुण्यात पावसाळाभर किमान तापमान २२ अंशांच्या आसपास रेंगाळतं. ऑक्टोबरमध्ये दुपारी चटका बसतो, सगळे 'ऑक्टोबर हीट'ची तक्रार करतात, पण पहाटे पांघरूण ओढावंसं वाटायला लागतं. या झाडांच्या दृष्टीने हिवाळा तेव्हाच सुरू झालेला असतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री ११-१२ अंशांपर्यंत उतरतात, मार्चमध्ये पुन्हा चढू लागतात आणि एप्रिलमध्ये वीस ओलांडतात.

म्हणून माझा ढोबळ नियम असा: कोजागरीच्या सुमारास पहिलं पाणी आणि गुढीपाडव्याच्या सुमारास शेवटचं मोठं पाणी. अधिक महिना आला की सण पुढेमागे होतात, म्हणून शेवटचा शब्द थर्मामीटरचा. सलग आठवडाभर पहाटेचा पारा वीसच्या खाली राहिला की सुरुवात करावी. पहिलं पाणी हलकं, फक्त वरचा थर ओला होईल एवढं. आठवड्याने दुसरं, कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत. पुढे माती पूर्ण वाळल्यावरच, म्हणजे छोट्या कुंडीला साधारण दहा-बारा दिवसांनी. कुंडी उचलून बघायची सवय लावावी. हलकी लागली की पाणी. परतीचा पाऊस लांबला तर कोजागरी उलटली तरी थांबावं.

४. सगळ्यांची झोप सारखी नसते

'हिवाळी झाडं' हा शब्द सोयीचा आहे, पण त्यात कितीतरी स्वभाव आहेत.

कोनोफायटम पक्कं हिवाळी. मार्चनंतर त्याचं जुनं शरीर वाळून कागदासारखं आवरण होतं आणि नवं त्याच्या आत सुरक्षित बसतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते आवरण फोडून नवं बाहेर येतं, कित्येकदा फुलासकट. टायलेकोडॉन उन्हाळ्यात सगळी पानं गाळून नुसतं जाड खोड ठेवतं. ॲड्रोमिस्कस पानं गाळत नाही, फक्त वाढ थांबवतं. हॉवर्थियाची वाढ थंडीच्या दोन्ही टोकांना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त असते. तिला पावसाळ्यातही अगदी थोडं पाणी चालतं, कारण तिच्या बऱ्याच जाती अशा भागातल्या आहेत जिथे दोन्ही ऋतूंत थोडा पाऊस पडतो.

लिथॉप्स या सगळ्यांत चकवा देतं. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या या कुळाच्या बऱ्याच जाती उन्हाळी पावसाच्या भागातल्या आहेत. त्याला फुलं येतात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि ऐन थंडीत ते आतल्या आत पानं बदलत असतं. म्हणून त्याला हिवाळी झाडांच्या रांगेत ठेवलं तरी पाण्याचं वेळापत्रक वेगळं लागतं. मांडणीवर त्याचा कप्पाच वेगळा करावा, म्हणजे झारी फिरवताना हात चुकत नाही.

५. लिथॉप्सची जोडी बदलत असताना झारी दूर ठेवा

फूल कोमेजलं की लिथॉप्सच्या दोन पानांमधल्या फटीतून नवी जोडी डोकावते. जुन्या जोडीतलं पाणी आणि अन्न शोषून घेत ती वाढते. डिसेंबर ते फेब्रुवारी हे काम चालतं. जुनी पानं मऊ पडतात, सुरकुततात, शेवटी कागद होतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलेलं आहे. या वेळी पाणी दिलं तर जुनी पानं पुन्हा फुगतात, नवी त्यांच्यात अडकते आणि एकावर एक मजले चढल्यासारखं झाड बेढब होतं. जास्त पाण्याने ते चिरतंही. जुनी पानं पार वाळेपर्यंत थांबावं. ती हाताने ओढून काढायची घाई करू नये.

या झाडाचं रूप इतकं फसवं आहे, की १८११ साली दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिस्का या गावाजवळ विल्यम बर्चेल या प्रवाशाने चित्रविचित्र खडा समजून ते उचललं, तेव्हा कुठे ते झाड असल्याचं त्याच्या लक्षात आलं. लिथॉप्स हे नाव क्यू उद्यानाच्या एन. ई. ब्राउन यांनी १९२२ साली दिलं.

६. माती म्हणजे बहुतेक खडी

काळी माती यांच्या वाट्याला कधीच येऊ देऊ नये; ती पाणी धरून बसते आणि वाळली की मुळं आवळते. नर्सरीतली लाल मातीही बहुधा चिकट असते. बाहेरून येणारं प्युमिस उत्तम, पण महाग. आपल्या आसपास मिळणाऱ्या गोष्टींत काम भागतं. मुरूम, विटांचा भरड चुरा, बांधकामाची जाड कच आणि थोडं जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. मी तीन वाटे खडीसदृश माल आणि जेमतेम अर्धा वाटा खत घेते. कोनोफायटमला खत त्याहून कमी.

खरी मेहनत चाळण्यात आहे. मुरूम आणि वीट यांतली भुकटी राहिली तर दोन-तीन पाण्यांत ती खाली बसून कुंडीचं भोक बुजवते. आधी बांधकामाच्या चाळणीतून मोठे खडे बाजूला काढावेत, मग घरातल्या पिठाच्या चाळणीने भुकटी झाडून टाकावी आणि उरलेला माल धुऊन उन्हात वाळवावा. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतचा आकार बरोबर. कोकोपीट टाळावं. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी घेत नाही आणि ओलं झालं की लवकर सोडत नाही.

लिथॉप्सला लांब सोटमूळ असतं, म्हणून कुंडी अरुंद चालेल पण खोल हवी. माती बदलायची ती ऑक्टोबरमध्ये, वाढ सुरू होण्याच्या तोंडावर. बदलल्यावर आठवडाभर पाणी नको, दुखावलेली मुळं वाळू द्यावीत. खत द्यायचंच तर नोव्हेंबर ते जानेवारी, एकोणीस-एकोणीस-एकोणीस पाकिटावर लिहिलेल्याच्या पाव प्रमाणात, एक-दोनदा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर मातीवर पांढरा थर येतो. शक्यतो नळाचं वापरावं.

७. पावसाळ्यात छपराइतकाच वारा महत्त्वाचा

जूनच्या आधी छप्पर तयार हवं. एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळतो, कधी गारा पडतात, आणि एका गारेने कोनोफायटमचा गठ्ठा फुटतो. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा सगळ्यांत बरा, कारण उजेड येतो. निळा ताडपत्रीचा कागद बांधला तर पाणी अडतं खरं, पण चार महिने अंधारात राहिलेली झाडं लांबट आणि पिवळी होतात आणि ऑक्टोबरचं ऊन सोसत नाहीत.

पाणी अडवलं तरी हवेतला दमटपणा राहतोच. त्यासाठी बाजू उघड्या ठेवायच्या. काचेच्या पेटीत किंवा बंद गॅलरीत ही झाडं पावसाळा काढत नाहीत. हवा अगदीच पडलेली असेल तर दुपारी टेबलफॅन लावते. घरच्यांना हे लाड वाटतात, पण पंख्याच्या वाऱ्यात कुजण्याचं प्रमाण ठळकपणे कमी होतं. पंखा छपराखाली, पाण्यापासून दूर आणि वायर उंचावर हवी.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता सोडत राहतो. कुंड्या जमिनीवर असतील तर त्यांची रात्र गार होतच नाही. कमरेएवढ्या उंचीची लोखंडी मांडणी केली की हा त्रास बराच घटतो. मार्च आणि ऑक्टोबर या संधिकाळात तेवढ्या दोन-तीन अंशांनी झाडाचा हंगाम लांबतो.

८. दक्षिणेची गॅलरी सोन्याची

थंडीत सूर्य दक्षिणेकडून तिरका जातो, त्यामुळे दक्षिणमुखी गॅलरीत ऊन पार भिंतीपर्यंत येतं. नेमकं तेव्हाच या झाडांना ते हवं असतं. मेच्या मध्यावर, पुण्याला १३-१४ तारखेच्या सुमारास, शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन शिरत नाही. म्हणजे वाढीच्या दिवसांत ऊन आणि झोपेच्या दिवसांत सावली, काहीही न हलवता. गच्चीच नशिबी असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीस ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधावी. मार्चचं दुपारचं ऊन जानेवारीच्या उन्हासारखं दिसतं, पण त्याने पानांवर उमटलेला पांढरट डाग पुढच्या हंगामापर्यंत जात नाही.

हॉवर्थियाला थेट ऊन कमीच लागतं. तिच्या काही जातींच्या पानांची टोकं पारदर्शक असतात. रानात ती आकुंचन पावणाऱ्या मुळांनी स्वतःला जमिनीत ओढून घेते, फक्त ही टोकं वर राहतात आणि त्यांतून उजेड आत उतरतो. लिटल कारू भागातली हॉवर्थिया ट्रंकाटा वरून पाहिली तर सुरीने सपाट कापल्यासारखी दिसते. अशा झाडाला सकाळचं कोवळं ऊन पुरे.

९. रिकामी कुंडी टाकू नका

एप्रिलमध्ये आमच्या कामाच्या मावशी विचारायच्या, "ताई, हिच्यात तर काहीच नाही, माती दुसरीकडे घेऊ का?" त्या कुंडीत अल्बुकाचा कांदा असायचा, जमिनीखाली गाढ झोपलेला. शेजारी टायलेकोडॉनची काडी आणि कागदात गुंडाळल्यासारखे कोनोफायटम. मावशींची शंका रास्तच होती. आता प्रत्येक कुंडीत पट्टी खोचलेली असते: नाव, आणलेलं साल आणि 'झोपलंय' किंवा 'पाणी चालू' अशी खूण. 'झोपलंय'ची पट्टी दिसली की मावशी झारी पुढे नेतात आणि पाहुण्यांनाही तसंच बजावतात. पट्टीवर पेन्सिलीने लिहावं. मार्करची शाई पुण्याच्या उन्हात एका वर्षात उडते, पेन्सिल टिकते.

नावाबरोबर मूळ ठिकाणाचा क्रमांक असेल तर तोही लिहावा. डेस्मंड कोल आणि नॉरीन कोल या दांपत्याने लिथॉप्स जिथे जिथे उगवतं अशा सुमारे ४०० ठिकाणांना क्रमांक दिले, आणि जगभरचे संग्राहक आजही बियांच्या पाकिटावर तो क्रमांक छापतात. पट्टी हरवली की झाड राहतं, पण त्याचं गाव कळत नाही.

सुरकुती बघून घाबरू नये. उन्हाळ्यात सुरकुतलेलं पण टणक झाड ठणठणीत असतं. मऊ, अर्धपारदर्शक आणि तपकिरी होत चाललेलं झाड कुजतंय. बोटाने हलकं दाबलं की फरक कळतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अगदी छोट्या कुंड्यांना आणि कोवळ्या रोपांना तीन-चार आठवड्यांनी संध्याकाळी चमचाभर पाणी कडेने द्यावं, तेवढ्यावर ती निभावतात.

१०. शत्रू मातीखाली आणि आभाळात

वर दिसणारा पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून टाकता येतो. मुळांवरचा दिसत नाही. जानेवारीत पाणी देऊनही झाड फुगत नसेल, तर कुंडीतून काढून बघावं. मुळांवर पांढरी भुकटी दिसली की सगळी माती फेकून द्यावी, मुळं धुवावीत, सावलीत वाळवावीत आणि नव्या मातीत लावावीत. कुंडीच्या तळाशी मुंग्यांची ये-जा हा आधीचा इशारा. त्या गोड चिकट्यासाठी ढेकणांना सांभाळतात.

उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात बुलबुल आणि खार लिथॉप्सचा लचका तोडतात. बारीक जाळी आणि मांडणीपासून दूर पाण्याचं एक भांडं, दोन्ही ठेवावं. पावसाळ्यात गोगलगायींना रात्री बॅटरी घेऊन वेचावं लागतं. आणखी एक सावधगिरी माणसांसाठी: टायलेकोडॉन विषारी आहे. दक्षिण आफ्रिकेत ते खाऊन शेळ्यामेंढ्या दगावतात. लहान मुलं आणि मांजर असलेल्या घरात ते उंचावर ठेवावं.

११. बी पावसाने उघडतं

लिथॉप्सचं फूल दुपारी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. कोनोफायटम कॅल्क्युलस हे गोटीसारखं झाड उलट रात्री फुलतं आणि त्याला लवंगेसारखा वास येतो. या दोन्ही कुळांत एकट्या झाडाचे परागकण सहसा त्याच झाडाला चालत नाहीत. एका जातीची किमान दोन वेगवेगळी झाडं हवीत आणि ती एकाच वेळी फुललेली हवीत. मऊ ब्रशने परागकण इकडून तिकडे फिरवले की काम झालं.

पुढे तयार होणारी कुपी मला फुलाहून आवडते. ती कोरडी असेपर्यंत घट्ट मिटलेली राहते. पाण्याचा थेंब पडला की तिची झाकणं काही मिनिटांत उघडतात, पुढच्या थेंबांच्या माऱ्याने बी उडून बाहेर पडतं, आणि वाळली की ती पुन्हा मिटते. रानात यामुळे बी ऐन पावसातच जमिनीवर येतं. आपल्याकडे मात्र ही युक्ती वळवाच्या सरीने फसते. म्हणून तपकिरी, सुकलेल्या कुप्या एप्रिलच्या आत कागदी पाकिटात काढून ठेवाव्यात. ज्या पिकल्या नसतील त्यांची झाडं छपराच्या मधोमध न्यावीत. ऑक्टोबरअखेर कुपी वाटीभर पाण्यात बुडवली की बी आपोआप खाली बसतं.

बी धुळीएवढं असतं. चाळलेल्या बारीक मिश्रणावर ते नुसतं पसरावं, वर माती टाकू नये. कुंडी खालून पाण्यात ठेवून ओली करावी आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधावी. रात्री गार आणि दिवस उबदार असले की आठवडा-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात. मग पिशवीला भोकं पाडत हवा वाढवत न्यावी. पहिल्या उन्हाळ्यात ही पिल्लं पूर्ण कोरडी ठेवायची नाहीत. झोपेचा मोठ्यांचा नियम त्यांना दुसऱ्या वर्षापासून लागू होतो.

१२. गाव बदललं की यादी बदला

नाशिककडच्या मैत्रिणीची कोनोफायटम माझ्यापेक्षा गुटगुटीत असतात. त्यात तिच्या हाताइतकाच तिथल्या रात्रींचा वाटा आहे. निफाडचा पारा दर थंडीत बातमीत येतो. द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवतात तेव्हा ही झाडं खुशीत असतात. मुंबईत आणि कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर रात्री तितक्या उतरत नाहीत आणि हवा दमट असते. तिथे कोनोफायटमच्या मागे लागून पैसे घालवू नयेत. हॉवर्थिया, गॅस्टेरिया आणि काही ॲड्रोमिस्कस तिथेही चांगली राहतात. हंगाम फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी एवढा आखूड धरावा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या नात्यातल्या मुलीला छपराची फारशी काळजीच नसते, कारण तिच्याकडेही पाऊस हिवाळ्यातच पडतो. तिने सांगितलेलं वेळापत्रक पुण्यात जसंच्या तसं वापरता येत नाही. सल्ला देणाऱ्याचा पाऊस कधी पडतो, हे आधी विचारावं.

१३. झाड कुठून आलं ते विचारा

२०१९ नंतर दक्षिण आफ्रिकेत या झाडांची चोरी भयंकर वाढली. खडकांच्या फटींतून कोनोफायटमचे गठ्ठे उपटून परदेशी विकले जातात आणि तिथल्या पोलिसांनी जप्त केलेल्या झाडांची संख्या लाखांत गेली आहे. यातल्या काही जाती एखाद्याच टेकडीवर उगवतात. ती टेकडी साफ झाली की जात संपली. म्हणून 'इम्पोर्टेड, जुना गठ्ठा, दुर्मीळ' असं म्हणून कोणी विकत असेल तर दोन प्रश्न विचारावेत: बियांपासून कोणी वाढवलं, आणि आयातीचा परवाना व रोगमुक्तीचा दाखला आहे का. एकाच वयाची, नितळ, छोट्या कुंडीत रुजलेली रोपं बहुधा रोपवाटिकेतली असतात. वेडीवाकडी, डागाळलेली, जाड तुटक्या मुळांची झाडं घेऊ नयेत.

हा प्रश्न फक्त परक्या मुलखाचा नाही. शिवनेरीच्या कड्यावर आणि सह्याद्रीतल्या मोजक्या जागी शिंदळ माकुडी नावाचं आपलं स्वतःचं सक्युलंट आहे. डॅलझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय नाव मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ठेवलं. त्याचं वेळापत्रक या पाहुण्यांच्या बरोबर उलट: पावसात पानं येतात आणि कोरड्या दिवसांत नुसतं खोड उरतं. संग्रहाच्या हौसेने तेही कड्यावरून ओरबाडलं जाऊ शकतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हेच सांगते: या ऑक्टोबरमध्ये एक हॉवर्थिया, एक ॲड्रोमिस्कस आणि बियांचं एक पाकीट घ्या. महागडा गठ्ठा घेऊ नका. पहिला पावसाळा या तिघांनी तुमच्या छपराखाली धड काढला, तर पुढच्या वर्षी यादी वाढवा.